छातीत बर

आई, तू विद्यापीठात आहेस. नाव कुठं लिहिलेलं नाही, नंबर आहे. उत्तरदाती क्रमांक सदतीस. उत्तरदाती म्हणजे काय ते मला कळंना, म्हणून ग्रंथालयातल्या सरांना विचारलं. म्हणाले, सर्वेक्षणात जिनं उत्तरं दिली ती बाई. म्हटलं, मग उत्तरं देणारी म्हणा की सरळ. तर हसले. मी इथं झाडलोट करते, पुस्तकं पुसते, कंत्राटदारानं दिलेला निळा एप्रन घालते. मोशीच्या पुढं आपण रविवारी कांदे काढायला जायचो ना, त्याच अंगाला आता ही काचेची इमारत आहे. आत एवढा गारवा की दुपारी पदर लपेटून घ्यावा लागतो.

सध्या कमिटी येणार म्हणून सगळ्यांची धावपळ चाललीय. विद्यापीठानं संशोधन किती केलं ते कमिटीला दाखवायचंय. ज्याच्या त्याच्या तोंडी पेपर. कुणाचा पेपर छापून आला की पेढे येतात. मागच्या खोलीतले काळ्या कापडी बांधणीचे, वर सोनेरी अक्षरांचे प्रबंध सगळे पुढच्या कपाटात आणायला सांगितले. सर म्हणाले, "मावशी, ओळीनं लावा, आल्या आल्या दिसले पाहिजेत." मी विचारलं, "वाचणार का ते लोक?" म्हणाले, "वाचायला कुणाला वेळ आहे? मोजतात." काही प्रबंधांची पानं कधी उलगडलेलीच नव्हती, एकमेकांना चिकटून बसली होती. मी ओल्या फडक्यानं पुसते आणि कोरड्यानं परत पुसते. पुसता पुसता उघडते. पाचवीपर्यंतच शिकले असले तरी मराठी वाचता येतं मला, हळू वाचते एवढंच. त्यातच एकात दापोडी दिसली. आपली गल्ली दिसली. लोखंडाचे भाग बनवणाऱ्या शेडमधल्या बायका, त्यांचं काम, त्यांची तब्येत. मग सदतीस नंबर. वय बेचाळीस, गाव लातूरकडचं, काम बर काढणे. आणि त्याच्याच खाली ओळ आहे, "छातीविषयी विचारले असता उत्तरदातीने 'बरं आहे' असे सांगितले." मी तिथंच स्टुलावर बसले.

बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही. लोखंडाला भोक पाडलं, कड कापली की तिथं धारदार कुसळं राहतात, त्याला शेडमध्ये बर म्हणतात. तू कानशीनं ती घासून काढायचीस. पुढं हातात ग्राइंडर आलं, मग तर काळी भुकटी उडायची, तिलाही तुम्ही बायका बरच म्हणायचात. अंघोळ केली तरी तुझ्या मानेच्या घडीत चमकायची. तू भात कालवलास तरी मला दाताखाली कचकच लागल्यासारखं व्हायचं, आणि मी ताट बाजूला सारायची. तू ते ताट आपल्याकडं ओढून घ्यायचीस.

सर्वेक्षणाला ती मॅडम आली तेव्हा मी नवऱ्याचं घर सोडून लेकराला काखेत मारून तुझ्याकडं येऊन चार महिने झाले होते. मॅडम तेव्हा कुठली मॅडम, माझ्याच वयाची पोरगी. खांद्याला झोळी, पायात कोल्हापुरी. एकदा शेडच्या दारापर्यंत गेली, आतला आवाज ऐकून कानावर हात ठेवून परत फिरली. मग आपल्या खोलीत आली, तू केलेला चहा पुरता प्यायली आणि मला म्हणाली, "तुमचं अक्षर किती छान आहे! तुम्हीच भराल का फॉर्म? बायका तुमच्याशी मोकळेपणानं बोलतील." माझं अक्षर छान आहे असं मला कधी कुणी म्हटलं नव्हतं. गठ्ठा ठेवून गेली. नंतर त्याबद्दल स्टीलचा डबा दिला, त्यावर सप्रेम भेट असं कोरून घेतलेलं, खाली तिच्या नावाची दोन अक्षरं. तो डबा तूच वापरलास शेवटपर्यंत. घासायला घेतला की तळाशी काळं निघायचं.

नळाला पाणी यायच्या आधी सगळ्या बायका आपल्या दारात बसल्यात. मी विचारते, तब्येत कशी? "बरं हाय." डोळे? "बरं हाय." छाती? "बरं हाय की गं, काय होतंय छातीला!" एकजण म्हणते, "लिही, सासू मेल्यापासून तर लईच बरं हाय," आणि सगळ्या खिदळतात. आपल्यात कुणी विचारलं की बरंच म्हणायचं असतं, बाई बाळंतीण असो की तापानं फणफणलेली. मॅडमला हे ठाऊक नव्हतं, मला होतं. तरी मी लिहीत गेले. तू सगळ्यात शेवटी. तुझं उत्तर बाहेर यायला वेळ लागायचा. काम काय? "बर काढती." ते नीट लिहिलं. मग छाती. तू म्हणालीस, "छातीत," आणि खोकायला लागलीस. पाणी प्यायलीस. परत खोकलीस. मी म्हटलं, "आई, बोल लवकर, मॅडम रिक्षा घेऊन कोपऱ्यावर थांबल्यात." मग तू म्हणालीस, "बर हाय." मी लिहिलं आणि कागद ओढून घेतला. तू म्हणालीस, "किती घाई गं तुला." तुझा अंगठा मी स्वतः धरून उठवला.

वर्ष गेलं असेल. शेडमधल्या तुम्ही सगळ्या मिळून शेठकडं गेलात, भुकटी बाहेर ओढायचा पंखा बसवा म्हणायला. शेठनं टेबलाच्या खणातून कागद काढला. विद्यापीठाच्या बाईनं अभ्यास केलाय, म्हणाला, तुमच्यातल्या एकीलाही छातीचा त्रास नाही. घरी येऊन तू चूल पेटवलीस आणि म्हणालीस, "कुनीतरी लिवलंय म्हनं, आमी समद्या ठणठणीत हाव. विद्यापीठानं लिवलंय म्हनल्यावर आपन काय बोलावं?" वर हसलीस. मी पीठ मळत होते. मळतच राहिले.

मोठ्या दवाखान्यातला तो दिवस तर मला रोज दिसतो. रांगेतून आत गेलो तेव्हा दुपार झाली होती. डॉक्टर तरुण, दमलेला. "काय होतंय आजी?" आजी! तू पन्नाशीचीही नव्हतीस. तू म्हणालीस, "छातीत बर हाय." तो म्हणाला, "बरं आहे? मग कशाला आलात एवढ्या उन्हात?" नर्स हसली. मीही हसले, आई. तू रागावलीस, पदराची गाठ सोडलीस आणि त्याच्या टेबलावर चिमूटभर काळं चमकतं ठेवलंस. "बरं न्हवं ओ. बर. ह्यो. ह्यो हाय आत." त्याचं हसू गेलं. मग छातीचा फोटो काढायला लावला, तो उजेडाला धरून बघत राहिला. तू त्याच्याकडं बघितलंसच नाहीस, माझ्याकडं बघितलंस. म्हणालीस, "तुला तर तवाच सांगितलं व्हतं की. त्या फारमात." एवढंच. त्यानंतर दोन पावसाळे काढलेस, पण हा विषय पुन्हा कधी काढला नाहीस. काढला असतास तर मी भांडले तरी असते.

ती पोरगी आता इथं विभागप्रमुख आहे. केस रंगवते आणि मला मावशी म्हणते. तिच्या हाताखाली पाच पोरापोरींनी प्रबंध केले, ते मीच तिच्या प्रबंधाशेजारी लावलेत. पाचही उघडून बघितले. पहिल्यात तिची ती 'बरं आहे'ची ओळ आहे, दुसऱ्यात पहिल्यातून घेतलीय, तिसऱ्यात दोन्हीतून. आणि खाली सगळ्यांत निष्कर्ष एकच, शेडमधल्या बायकांना श्वसनाचा त्रास आढळला नाही. एकानंही परत जाऊन विचारलं नाही. वरच्या ओळीत बर आहे, खालच्या ओळीत बरं आहे, हे एवढे शिकलेले गुरू, परीक्षक, कुणाच्या डोळ्यांना टोचलं नाही. आणि आता सहावी पोरगी आलीय, चाकणला जाणार आहे त्याच अभ्यासाच्या आधारावर. चाकणला माझी सून बर काढते. घरी आली की मी विचारते, खोकला कशानं? म्हणते, "बरंय ओ आत्या, उगं कशाला काळजी करता."

म्हणून गेले मी मॅडमच्या केबिनमध्ये, तो प्रबंध घेऊन. म्हटलं, "मॅडम, हे चुकलंय." तिनं चष्मा वर केला. "तुम्ही हे वाचता, मावशी?" म्हटलं, "पुसायला दिलंय, वाचू नको म्हणून कुणी सांगितलं नाही." मग सगळं सांगितलं, बर म्हणजे काय, तू काय म्हणाली होतीस, दवाखान्यात काय झालं. मला वाटलं होतं हाकलून देईल. हाकललं असतं तर बरं झालं असतं, मला तिला शिव्या देत सुखानं जगता आलं असतं. तिनं मला खुर्ची दिली. ते पान दोनदा वाचलं. मग म्हणाली, "हे खरं असेल तर फार गंभीर आहे. मी दुरुस्ती छापेन, नव्या मुलीलाही थांबवेन. पण माझ्याकडे काहीतरी हवं ना. फॉर्म तिथल्याच एका मुलीनं भरले होते. सुंदर अक्षर होतं तिचं. ती भेटली आणि तिनं लिहून दिलं, तर करता येईल. तुम्ही ओळखता का तिला?"

मी तिच्यासमोर दीड हातावर बसले होते. तिनं मला ओळखलं नाही. मी म्हटलं, "कोण जाणे. आता कुठं असंल ती." आणि उठले. त्या दिवसापासून डबा आणत नाही, प्लॅस्टिकच्या पिशवीत भाकरी आणते, तिनं ती कोरलेली अक्षरं बघू नयेत म्हणून.

हे मी जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, रद्दीतल्या कोऱ्या फॉर्मांच्या पाठीवर. काल कपाटातून सदतीस नंबर काढला आणि ब्लेडच्या टोकानं 'बरं'वरचं टिंब खरवडलं. तू कड घासायचीस तसं, कागद न फाडता. आता तिथं "बर आहे" असं आहे. बाकीच्या पाचांत टिंब तसंच आहे, आणि एका कपाटाशी बसून मी किती खरवडू? चाकणच्या बायकांना याचा काय उपयोग? उपयोगाचं जे आहे ते मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन माझ्या अक्षरात लिहून द्यायचं आहे. एक कागद. रोज दारापर्यंत जाते, पायपुसणं झटकते आणि परत येते.

ते टिंब मॅडमनं दिलेलं नव्हतं, आई. मी दिलं होतं. आणि कोपऱ्यावर रिक्षा नव्हती. मॅडम दुसऱ्या दिवशी येणार होत्या, अख्खी संध्याकाळ होती आपल्याकडं. तुझं उत्तर यायच्या आधी खोकला यायचा, आणि मला त्याचा कंटाळा आला होता.