आत्याबाईंच्या नजरेची कमाई

आत्याबाई, तुम्हाला वाचता येत नव्हतं म्हणून तर एवढं मोकळं लिहितेय. जिवंत असता तर हाच कागद उलटा धरून तुम्ही विचारलं असतं, "काय खरडलंय गं माझ्याबद्दल?" आणि मी म्हणलं असतं, "काही नाही, गव्हाचा भाव." सासूला आत्याबाई म्हणायची रीत तुमच्या घरातली. माझ्या सख्ख्या आत्यानं मला मांडीवर घेऊन साय-साखर चारलेली, त्यामुळं तुम्हाला हाक मारताना तो शब्द मला कायम उसना आणल्यासारखा वाटायचा. तर सांगायचं असं की तुम्ही मध्यंतरी नोकरीला होता. मेल्यावर इतक्या वर्षांनी. भिंतीवरून खाली उतरून, विश्रांतवाडीतल्या माझ्या ओट्यावर मसाल्याच्या डब्याला टेकून तुम्ही साबणाच्या जाहिराती बघत होता, आणि त्याचे पैसे माझ्या फोनमध्ये पडत होते. जिवंतपणी तुमच्या हातनं माझ्यासाठी एक खण सुटला नाही, आणि आता माझा रिचार्ज तुम्ही भरत होता. हसू नको तर काय करू?

हे सगळं तुमच्या नातीचं. जी झाली तेव्हा तुम्ही दवाखान्याच्या दारातनंच मागं फिरला होता, "पोरगीच हाय, त्यात काय बघायचं" म्हणून. तिला बघायला आता लोकं अपॉइंटमेंट घेतात. चांगली कंपनीतली नोकरी सोडली आणि येरवड्यात एका औषधाच्या दुकानावर खोली भाड्यानं घेऊन स्वतःचं काम काढलं. मला समजावून सांगितलं ते तुम्हाला सांगते. लोकं दिवसभर फोनमध्ये डोळे घालून बसतात. मधे मधे जाहिराती येतात. जाहिरातवाला त्याचे पैसे देतो, ते जातात मोठ्यांच्या घशात, आणि ज्याचे डोळे दुखतात त्याला काही नाही. तर हिनं असं ॲप बनवलं की जाहिरात बघणाऱ्यालाच पैसे मिळावेत. फोनचा पुढचा कॅमेरा बघतो डोळे स्क्रीनवर आहेत का, असले तर पैसे चालू, नजर हलली की बंद. "आई, लोकांचं अटेन्शन म्हणजे त्यांची प्रॉपर्टी आहे. लक्ष दिलं तर त्याचे पैसे नकोत मिळायला?" मी म्हणलं, "लक्षाचे पैसे मिळत असते बये, तर तुझी आजी गावची सावकारीण झाली असती."

कारण तुमचं ते बसणं मी कशी विसरीन. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, एक पाय आत एक बाहेर, दातांना मिश्री घासत. पीठ किती घेतलं, मीठ कुठल्या हातानं टाकलं, तेलाची धार किती वेळ पडली. मला ताप आलेला तो दिवस तर अजून डोळ्यासमोर आहे. श्रावणातला सोमवार, घरात पाहुणे, मी चुलीपुढं बसलेय आणि अंग नुसतं फणफणतंय. भाकरी थापतेय ती परातीत दोन-दोन दिसतेय. तुम्ही उंबऱ्यावरनं बघताय. एकसारखं बघताय. "कड जाड ऱ्हायली." "ही करपली." "ध्यान कुठं हाय गं तुझं?" ध्यान होतं कुठं, आत्याबाई, मी पडू नये म्हणून धरून ठेवलं होतं, आणि तरी पडले. मनगट तव्याला लागलं. तुम्ही उठून आलात, तवा उतरवलात, भाकरी पलटलीत, आणि मग म्हणालात, "सांगायचं न्हाई का, ताप हाय म्हणून?" डाग अजून आहे. लेकीला लहानपणी ही गोष्ट सांगून सांगून मी पाठ केली होती, आणि शेवटी कायम एकच वाक्य म्हणायची, "आजीची माझ्यावर नजर होती गं, लक्ष नव्हतं." ते वाक्य असं माझ्यावरच उलटेल हे माहीत असतं तर जरा जपून बोलले असते.

असो. ॲप सुरू करायला माणसं लागतात, आणि माणसं कुठनं आणायची हे तुमच्या नातीला माहीत नव्हतं. इंग्रजी येतं, शेजारीण ओळखत नाही. मग मी माझ्या भिशीच्या बायका गोळा केल्या. एकेकीच्या फोनवर ते चढवलं, चहा पाजला, म्हणलं, "मालिका बघता तशा जाहिराती बघा, पुण्य पण आणि पैसे पण." सुरुवातीला सगळ्यांना मजा. मग कंटाळा. हात कणकेत आणि फोन केकाटतोय, "कृपया स्क्रीनकडे बघा." भाजी फोडणीला टाकली की लगेच, "कृपया स्क्रीनकडे बघा." मला तर साक्षात तुम्हीच परत आल्यासारखं वाटलं, फक्त कृपया जास्तीचं. वैतागून मी वर बघितलं, तर भिंतीवर तुम्ही. डोळे टक्क उघडे.

तो फोटो मंडईजवळच्या स्टुडिओतला. तुम्ही एकदाच पुण्याला आला होता. मंडईत वांग्याच्या एका ढिगापुढं तुम्ही एवढी घासाघीस केलीत की शेवटी वांगीवाला म्हणाला, "मावशी, वांगी राहू द्या, मीच येतो तुमच्याकडे कामाला." तिथनं फोटो काढायला गेलो. फोटोवाला म्हणाला, "आजी, जरा हसा." तुम्ही म्हणालात, "हसायला काय झालं? फोटो मेल्यावरच लावायचा असतोय." मग तो म्हणाला, "बरं, निदान डोळे मिटू नका," आणि ते मात्र तुम्ही असं मनावर घेतलंत की आजतागायत मिटलेले नाहीत. तर तो फोन केकाटत होता त्या दिवशी मी तुम्हाला खिळ्यावरनं काढलं, काच पदरानं पुसली, आणि फोनपुढं उभं केलं. ॲप गप्प. पैसे चालू. चेहरा कुणाचा आहे हे ते बघत नाही म्हणे, कुणाच्या खाजगी गोष्टीत नाक खुपसायचं नाही म्हणून. डोळे असले की झालं. तुमच्याइतके डोळे कुणाचे असणार?

मला पोटात गोष्ट ठेवता येत नाही, हे तुम्ही गावभर सांगितलेलंच आहे. भिशीत सांगून टाकलं. आठवडा गेला नाही तर आमच्या गल्लीतल्या सगळ्या मेलेल्या सासवा कामाला लागल्या. एकीजवळ सासूचा फोटो नव्हता, तिनं गणपतीच्या फ्लेक्सवरचा हात जोडलेला नगरसेवक कापून आणला. म्हणाली, "निवडून आल्यापासून पहिल्यांदाच गल्लीकडं बघतोय." आम्ही हसून हसून लोळलो. आणि तिकडं येरवड्यात लेक आनंदानं वेडी. घरी येऊन म्हणते, "आई, आपली गल्ली टॉपला आहे! असं अटेन्शन मी कुठंच बघितलं नाही." मी तिच्याकडं बघतेय. डोळ्याखाली काळं आलंय, मनगटं काडीसारखी झालीत. म्हणलं, "जेवलीस का?" ती म्हणाली, जिच्या जाहिराती आपण बघतो ती साबणाची कंपनी मोठा करार करायला तयार झालीये, हे जमलं तर खोली टिकेल, नाहीतर परत नोकरी. मी म्हणलं, "केस विंचरत जा जरा." तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, बये, तुझं टॉपचं गिऱ्हाईक श्राद्धाला जेवतं म्हणून. सांगणारच होते. पण ती हसत होती, आणि हल्ली ती हसत नाही.

साबणवाला दुपारचा आला. साहेब, पांढरा शर्ट, अस्सल पुणेरी, पायातले बूट काढताना सुद्धा उपकार केल्यासारखा. लेक मला न कळवता त्याला घरीच घेऊन आली, आमच्या बायकांना भेटवायला. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आत आले तर तो ओट्यापुढं उभा. फोन चालू, समोर तुम्ही, कपाळाला कालचं कुंकू.

"ह्या कोण?" त्यानं विचारलं.

लेकीचा पडलेला चेहरा मी बघितला. पण चेष्टेची सवय जात नाही. म्हणलं, "माझ्या सासूबाई. आमच्यात सगळ्यात जास्त लक्ष त्यांचंच."

तो हसला नाही. फोटोकडं बघितलं, फोनकडं बघितलं. "छान. पण आम्ही साबण विकतो, ताई. यांची शेवटची आंघोळ होऊन गेलेली दिसतेय." आणि बूट घातले. चहा ठेवू का म्हणून पण विचारता आलं नाही.

तो गेल्यावर लेक खुर्चीत बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं, मी पण ओरडले असते, दोघींचं भागलं असतं. ती एकदम सावकाश बोलली. "तुला ही चेष्टा वाटली?"

"अगं, बायका कंटाळल्या होत्या, मग..."

"मग मला सांगायचं ना, आई. बायका कंटाळल्यात एवढंच सांगायचं. मला तेच तर हवं होतं. रोज विचारतेस, जेवलीस का, किती वाजता येणार, केस का असे. एकदा तरी विचारलंस, मी काय बनवतेय?" मग माझ्या मनगटाकडं बघितलं, त्या डागाकडं, आणि म्हणाली, "तुझी माझ्यावर नजर असते. लक्ष नसतं."

बघा, आत्याबाई. तुम्ही मला एवढं टाकून बोललात, चुलीपासनं न्हाणीपर्यंत, पण असं कधी लागलं नाही. आणि लागलं ते पण तुमच्याच पायी. राग कुणाचा करायचा? म्हणून तुमचा केला. तुम्हाला खिळ्यावर परत लटकवलं, तोंड भिंतीकडं करून. बघा म्हणलं आता चुना. लक्ष कसं द्यायचं हे मी शिकणार कुठं होते? माहेरात आम्ही सात भावंडं, कुणाला कोण पुसतंय. सासरी तुम्ही. शाळेत मास्तर छडी आपटायचे, "लक्ष द्या," पण कसं द्यायचं ते त्यांनी पण दाखवलं नाही. तुमच्याकडं होतं ते तुम्ही दिलंत, मी घेतलं, आणि तसंच गुंडाळून पोरीला दिलं. एवढं चिवट निघावं का हो तुमचं देणं, की विटकं लुगडं असून सुद्धा फाटेस्तोवर नेसायला लागावं?

खोली अजून सुटलेली नाही. साबणवाला गेला, लेक दुसऱ्यांच्या दारात जातेय. ॲप बदललंय तिनं. मी भिशीतल्या बायकांना तिच्यापुढं बसवलं, खरं काय ते सांगा म्हणलं, आणि त्यांनी सांगितलं, नगरसेवकासकट. आता जाहिरात संपली की एक प्रश्न येतो. बरोबर सांगितलं तर पैसे. फोटोला उत्तर देता येत नाही. तुम्ही कामावरनं गेलात, आत्याबाई. पेन्शन नाही.

आज सकाळी पहिल्यांदा मला करून बघ म्हणाली. समोर बसली. मी फोन हातात धरला, दोन्ही डोळे लावले, जाहिरात लागली, संपली. प्रश्न आला, बाईच्या हातात काय होतं? मला सांगता येईना. लेक म्हणाली, "आई! समोर बघत होतीस की." समोर बघत होते हे खरं. फोनच्या वरनं. मी काही बोलायच्या आधीच तिनं केस विंचरले होते, आणि ती माझ्या अंगठ्याकडं बघत होती, शाळेचा निकाल लागताना बघायची तशी. ती नजर होती का लक्ष, हे मला कळलं नाही. तुम्हाला विचारावं म्हणून लिहायला बसले, म्हणजे बघा माझी किती पंचाईत झाली असेल. तुम्हाला काय कळणार.

तुमची चौकट एका बाजूला कलतेय, खिळा ढिला झालाय. हा कागद घडी घालून खिळ्याच्या भोकात पाचर म्हणून मारते. तोंड सरळ केलंय, भिंतीकडं ठेवलं तर बायका विचारतात. आणि खरं सांगू का, ओट्याशी काम करताना पाठीला तुमचे डोळे नसले की भाजीत मीठ दोनदा पडतं माझ्या हातनं.