किल्ली गाडीतच

ऑगस्टा, मंगळवार

प्रिय आई,

मी मजेत आहे, जेवतोयही नीट. तुझा गुडघा काय म्हणतो?

आज इथे विधिमंडळाच्या समितीपुढे आपल्या बेटाच्या विधेयकावर बोलायला उभा राहिलो, तेवढ्यात रखवालदार आत आला. "बाहेर हिरवी पिकअप कोणाची? किल्ली आतच आहे!" सगळे हसले. अध्यक्षबाई म्हणाल्या, "काय हो, गाडी दान करायला आणलीत की काय?"

मी म्हटलं, "बाई, आमच्या बेटावर किल्ली गाडीतच असते. समुद्र चढला की जो जवळ असेल तो ती टेकडीवर नेतो, मग गाडी कोणाची का असेना."

हसणं थांबलं. लिहून आणलेलं भाषण खिशातच राहिलं. समितीने विधेयक एकमताने पुढे पाठवलं. आता कायदा होतोच बघ! वादळाने मोडलेला बोटींचा धक्का राज्य सरकार उंच बांधून देईल.

पण बांधायला वेळ लागेल, आणि पुढच्या गुरुवारी मोठी भरती आहे. आपली जुनी गाडी न्यायला शेजारचा ऑरिन येईल. मागच्या वेळी गाडी टेकडीवर पोचली आणि तू कोंबड्यांपाशीच राहिलीस. या वेळी कोंबड्या घे मांडीवर, पण आधी तू बस.

तुझाच,
लेलंड