समुद्रात पडलेले ठिपके

४ मार्च
आलो एकदाचा! खोली छोटी, पण उजेडाची. इमारत कोरी करकरीत, मीच पहिला भाडेकरू. बेसिन इतकं पांढरंशुभ्र की त्यात चूळ भरायलाही मन होईना. बायको आणि छकुली रविवारी येतील, तोवर घर लावून टाकतो. नोकरीही मजेची आहे: गटारांच्या तक्रारी नकाशावर ठिपक्यांनी दाखवायच्या. सॉफ्टवेअर शिकताना आधी स्वतःचंच घर शोधलं. त्याचे अक्षांश-रेखांश आता तोंडपाठ झालेत.

६ मार्च
तक्रारीला पत्ता नसला की सॉफ्टवेअर अक्षांश-रेखांश शून्य धरतं आणि ठिपका भर समुद्रात जाऊन पडतो. साहेब वैतागले. समुद्रात कसली आलीत गटारं, म्हणाले, कुठेही टाका पण जमिनीवर टाका. मला तोंडपाठ आकडा एकच. दिला ठोकून! सगळे बेवारस ठिपके माझ्या घरावर. दिवसभर स्वतःशीच हसत होतो.

७ मार्च
बेसिन तुंबलं. तार घातली तर केसांचा गुंता वर आला. लांब, तेलकट, त्यात एक दात. शी! मला तर टक्कल आहे. साबणाने हात सोलून निघेपर्यंत धुतले, तरी वास जाईना.

८ मार्च
नळाला कोमट, पिवळं पाणी. वर साय धरते. जेवलोच नाही.
ऑफिसात त्या बेवारस तक्रारी उघडून वाचल्या. केस, दात. मग सायीचं पाणी. माझ्या घरी झालं, सगळं ओळीने तेच. शेवटची तक्रार: मोरीतून बोटं वर येतात, लहान मुलाच्या आवाजाकडे वळतात.
परवा छकुली येणार आहे.

९ मार्च
सगळे ठिपके हमरस्त्यालगतच्या ओसाड मैदानावर नेऊन टाकले. तिथे चिटपाखरू नसतं. घरी आलो तर बेसिन लख्ख. रडूच फुटलं.

१० मार्च
बायकोचा फोन. बस बंद पडली. दोघी त्याच मैदानात बसल्यात— किळसवाणा वास येतोय म्हणाली— छकुली एका भोकात वाकून गाणं म्हणतेय—
उचल तिला, म्हणून ओरडलो. फोन कट.

लॅपटॉप उघडला. ठिपके समुद्रात ढकलतोय, जात नाहीत. साहेबांनी सॉफ्टवेअरचं शून्य घेणंच बंद करून टाकलंय. दुसरा आकडा आठवेना. तोंडपाठ एकच—
टाकला.

पुन्हा फोन. वास गेला म्हणाली. छकुली कडेवर आहे. देवा! बायकोला सांगितलं, माहेरी परत जा, इकडे पाऊल टाकू नकोस. चिडली.
बेसिन गुडगुडतंय. बोटं. मऊ, सुजलेली, नखं नाहीत—
फोन स्पीकरवर आहे. छकुली हाका मारतेय, बाबा, बाबा—
बोटं वळली. फोनकडे. बंद होत नाही, हात बरबट—