चंबूच्या गळ्यातलं बटण

४ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

विद्यापीठाच्या शंभराव्या वर्षाचा ग्रंथ निघतोय आणि त्यातलं नामवंत प्राध्यापक आणि धुरीण हे प्रकरण माझ्या वाट्याला आलंय. माझी नेमणूक मेअखेरपर्यंतच आहे. हे काम नीट पार पडलं तर कायम करू, असं आमच्या प्रमुखांनी सांगितलंय.

पहिलं पान माजी कुलगुरूंचं. पाण्यातलं शिसं ओळखायची चाचणी त्यांचीच ना? थेंब टाकला की पाणी जांभळं होतं, ती. तू सव्वीस वर्षं त्यांच्या प्रयोगशाळेत काच धुतलीस, तर त्यांची एखादी छानशी आठवण सांग. आई लिहून घेईल.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून,
खारू

११ फेब्रुवारी

चि. खारूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र सूनबाईंनी वाचून दाखवलं आणि माझा चहा तसाच गार झाला. मी सांगते ते तुझी आई लिहिते खरी, पण हिचा हात भारी गोड. म्हणून प्रत्येक वाक्य मी परत वाचायला लावते. आत्ताच तिनं, आजी जरा नाराज आहेत, असं लिहून ठेवलं होतं. खोडायला लावलं. मी संतापले आहे.

साहेबांची आठवण हवी ना? मग घे. साहेबांच्या टोपलीतल्या काचेवरची मी धूळ पुसायचे. आणि बाईंच्या टोपलीतले जांभळे डाग घासून घासून दोन वर्षं माझी नखं जांभळी होती. तुझे आजोबा विचारायचे, काय गं, जांभळं चोरून खातेस का. आता तूच सांग चाचणी कुणाची. तू शिकलेली आहेस.

बाई कोण म्हणून विचारू नकोस. आपल्या मागच्या गल्लीत राहतात, शहाऐंशीच्या आहेत, लहानपणी तुला गणितं शिकवायच्या त्याच. साहेब तेव्हा खात्याचे प्रमुख, बाई त्यांच्या हाताखाली संशोधन करायच्या. बाईंनी तोंड उघडलं असतं तर बढती गेली असती. तोंड उघडलं नाही, तरीही गेलीच.

आणि माझ्याकडे पुरावा आहे. मला अक्षर येत नाही. काचेवरच्या चिठ्ठ्या धुताना सुटायच्या. एकाचा चंबू दुसऱ्याच्या टेबलावर गेला की कुणाच्या तरी महिन्याच्या कामाची माती, आणि बोलणी मला. म्हणून मी चंबूंच्या गळ्यात खुणा बांधायचे. साहेबांना दोरीच्या दोन गाठी, टेबलावर डोकं टेकून घोरणाऱ्या मास्तरांना चिंधी, बाईंना शर्टाचं बटण. चाचणी जाहीर झाली तेव्हाचा, साहेब सात चंबूंमागे उभे असलेला तो फोटो तुमच्या दारातच टांगलाय ना? भिंग घे आणि चंबूंच्या गळ्याशी बघ. मी तेव्हाच बघितलं होतं. पण फरशी पुसणारीला फोटोबद्दल कोण विचारतंय?

आशीर्वाद आहेतच. लोभ ठेवायचा की नाही ते तुझ्या पुढच्या पत्रावर ठरवीन.
तुझी आजी

१९ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

बघितलं. सात चंबू, सात बटणं. फोटो टांगलेल्या भिंतीपाशी स्टुलावर उभी राहून मी तीनदा मोजली.

प्रमुखांना दाखवलं तर ते हसले. मग मी संपादक मंडळापुढे गेले. त्यांचं म्हणणं, साहेबांनी बाईंची काच उसनी घेतली असेल. शिवाय एका निरक्षर काच धुणारीची इतक्या वर्षांनंतरची आठवण पुरावा कशी मानायची? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, मग घ्या तिची परीक्षा.

सोबत पाच जुन्या फोटोंच्या प्रती आहेत. चेहऱ्यांवर कागद चिकटवलाय. टेबल कुणाचं आणि तारीख कोणती हे मूळ फोटोंच्या मागे लिहिलंय, ते मंडळाकडे बंद आहे. चिडून का होईना, पास होऊन दाखव.

तुझी खारू

२६ फेब्रुवारी

चि. खारूस,
अ. उ. आ.

आयुष्यातली पहिली परीक्षा, तीही या वयात. तुझी आई माझ्याहून जास्त घाबरली आहे.

पहिला, चिंधी, घोरणारे मास्तर. दुसरा, बाई. तिसरा, साहेब. त्यातला चंबू किती लख्ख आहे बघ, वापरला असेल तर शपथ. चौथा परत बाई. पाचवा माझ्या हातचा नाही. त्यात एकाही चंबूला खूण नाही. तेव्हा मी तुझ्या बापाच्या बाळंतपणासाठी घरी होते, बदलीवाली आली होती.

आणि उसनी काच म्हणे! त्या लोकांनी कधी प्रयोगशाळेत पाऊल ठेवलंय का? आधीच्या कामाचा एक थेंब राहिला तर सगळं नासतं. ती माणसं एकमेकांना पेन द्यायची, छत्री द्यायची. चंबू नाही.

निकाल लगेच कळव, नाहीतर मीच येईन हे त्यांना सांगून ठेव.
तुझी आजी

१२ मार्च

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

पाचही बरोबर. पाचव्याच्या मागची तारीख बाबांच्या जन्मानंतर नऊ दिवसांची निघाली.

मग मंडळानं तोडगा काढला. साहेबांचं पान आहे तसंच राहील, कारण इमारतीला त्यांचं नाव आहे आणि प्रकाशनाला त्यांची मुलं येणार आहेत. खाली तळटीप येईल, की या कामी एका सहकारी महिलेचे साहाय्य झाले. नाव नाही. मजकूर तपासला म्हणून महिनाअखेरपर्यंत माझी सही हवी आहे. सही नसेल तर मे महिना आहेच. प्रमुख म्हणाले, शहाण्या माणसाला कुठे थांबायचं ते कळतं.

मी काय करू? आई काय म्हणेल ते मला ठाऊक आहे.
खारू

१७ मार्च

चि. खारूस,
अ. उ. आ.

तळटीप म्हणजे काय ते सूनबाईंना विचारलं. पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात. मला हत्तीएवढं अक्षर वाचता येत नाही, तरी एवढं कळतं की तिथे नाव लिहायला जागा लागत नाही, लाज लागते. साहाय्य म्हणे! साहाय्य मी केलं. मी काच धुतली, बाईंनी शोध लावला. मला बाईंच्या जागी बसवू नका आणि बाईंना माझ्या.

पण नोकरी तुझी आहे. गमावणार तू, आणि मी इथे बसून तोंड चालवणार, हे बरं नाही. म्हणून सही कर किंवा नको, यातलं एकही मी सांगणार नाही. जे करशील त्यानंतरही माझ्या मांडीवर तुझी जागा आहे, गुडघे दुखले तरी.
तुझी आजी

ता. क. आता आई लिहिते आहे. आजींनी यातला शब्दही सांगितलेला नाही. पहिलं पत्र आलं तेव्हापासून मला एकच काळजी होती, तुझी नोकरी. काल तुझं पत्र घेऊन बाईंकडे गेले आणि वाचून दाखवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, पोरीला सांगा सही करून टाक, माझ्यापायी नुकसान नको. मी हायसं वाटून उठले. जिना उतरताना लक्षात आलं, की त्यांना हे वाक्य कित्येक वर्षांपासून पाठ होतं. सही करू नकोस.