गार इंजिनाचा आवाज

प्रिय बबडे,

आधी आनंदाची बातमी, मग राग. ट्रक विकायचा नाही असं ठरलं, माझा जीव भांड्यात पडला. राग असा, की तू माझाही फोन उचलत नाहीस. बाबांवर रुसलीस ते समजू शकते, पण मी तुझं काय घोडं मारलं होतं? बाबांना फोनवर काय विचारणार ते तू मला आधीच सांगितलं होतंस, आणि फोन झाल्यावर "बाबांनी विषय संपवला, आता मीही संपवते," एवढा मेसेज टाकून गप्प झालीस. त्यावरून मी बाबांशी कडाकडा भांडले, पोरीला असं का तोडलंत म्हणून. ते मूग गिळून बसले, म्हणून मीही बोलणं टाकलं. एका घरात दोघं मुके राहत होतो, तेवढ्यात ट्रक बोलायला लागला.

रोज सकाळी बाबा गाडी सुरू करायचे आणि मला स्वयंपाकघरात टकटक ऐकू यायची, कुणी बोटाने काच वाजवावी तशी. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत चालूच. अबोला असूनही मी सांगितलं, तर म्हणाले, माहीत आहे मला. पूर्वी हा माणूस जेवता जेवता मान वर करून रस्त्यावरून जाणाऱ्या परक्या गाडीचा बेल्ट सैल आहे म्हणून सांगायचा, म्हणून मीही निर्धास्त राहिले. पहिल्या गॅरेजवाल्याने नोझल बदलले. टकटक तशीच. मग मोठा बोर्ड लावलेला एक गॅरेजवाला गाठला, त्याने डिझेलचा पंप खोलला. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! शेवटी हा बोर्डवाला म्हणाला, बेअरिंग गेलीत, सगळं इंजिन उतरवावं लागेल, त्यापेक्षा गाडी काढून टाका, माझा मेहुणा घेईल. आणि बाबा चक्क तयार झाले! ज्या गाडीवर आपलं घर उभं राहिलं, तू शिकलीस, ती त्या मेहुण्याच्या घशात घालायची? मी अबोला गुंडाळून ठेवला आणि म्हटलं, मी येते गॅरेजमध्ये, माझ्यासमोर सांगू दे त्याला.

गॅरेज गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. वाटेत टकटक कमी कमी होत गेली आणि पोचेपर्यंत बंदच पडली. मला वाटलं, आता हा ऐकणार तरी काय? पण बोर्डवाल्याने लांब पाना इंजिनाला टेकवला, दुसरं टोक कानाला लावलं, डोळे मिटले आणि म्हणाला, ऐका काका, आत कसं खडखडतंय, येतंय ना ऐकू? बबडे, कसलाही आवाज नव्हता. मी तोंड उघडणार, तोच बाबांनी नंदीबैलासारखी मान डोलावली. म्हणाले, येतंय की. तो माणूस खोटं बोलतोय हे मला तेव्हाच कळलं. पण त्याच्यासोबत दुसरंही काहीतरी कळलं. इंजिन बंद झाल्यावर मी मुद्दाम बाबांच्या पाठीमागे जाऊन नेहमीच्या आवाजात हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं नाही.

बोर्डवाल्याला मी विचारलं, गार असताना वाजतं आणि तापलं की थांबतं, ते बेअरिंग कसं? तर म्हणे, मावशी, तुम्हाला त्यातलं काय कळतं? म्हटलं, काही कळत नाही रे बाबा, म्हणूनच जे कानावर येतं तेवढंच बोलते. किल्ली उचलली आणि ह्यांना घेऊन निघाले. आपल्या टायरवाल्याने एका मिस्त्रीचा पत्ता दिला. तो म्हणाला, तापलेल्या गाडीचं मी काय ऐकू, आज इथेच ठेवा, सकाळी गार इंजिन सुरू करून बघतो. माझा विश्वास तिथेच बसला. सकाळी त्याने रबरी नळी कानाला लावून दुसरं टोक इंजिनावर फिरवलं, मलाही ऐकवलं. सायलेन्सरचा पाइप इंजिनाला जोडतात तिथलं पॅकिंग फाटलं होतं, कडेला काजळी धरलेली. त्या फटीतून धूर टकटकत बाहेर पडायचा आणि लोखंड तापून फुगलं की फट बुजायची. पॅकिंग आणि एक बोल्ट, बस्स. दुपारी गाडी दारात उभी.

मग ट्रकच्या केबिनमध्ये बसून मी बाबांना मोठ्याने विचारलं, खरं सांगा, कधीपासून ऐकू येत नाही? आधी उडवाउडवी केली, मग रडलेच गं. म्हणाले, ड्रायव्हरने कान गेले म्हणायचं कोणत्या तोंडाने? गाडी विकायला तयार झाले तेही त्यासाठीच. बहिऱ्या माणसाने रस्त्यावर असू नये हे त्यांना आतून खात होतं आणि इंजिनाचं निमित्त आयतं मिळालं. नंतर कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. यंत्र बसवलंय, ते लावून गाडी चालवायला हरकत नाही म्हणाले. परवा पहिली फेरी करून आले. आता मी भांडी जोरात आपटते म्हणून माझ्यावरच ओरडतात, आणि मला ते गोड वाटतं.

पण हे पत्र त्यासाठी नाही. केबिनमध्ये मी तुझ्या त्या फोनचंही विचारलं. म्हणाले, पोरीचा आवाज तेवढा येत होता, शब्द एकही लागत नव्हता, काय म्हणालीस असं कितीदा विचारणार, म्हणून "बघू, ठेवतो आता" म्हणून ठेवून दिला. बबडे, त्यांनी तुला नाही म्हटलंच नव्हतं. तू काय विचारलंस हेच त्यांना माहीत नव्हतं. तेव्हा यंत्र कुठलं, मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, पोरीला लग्न करायचंय, त्या मुलाला घेऊन घरी येऊ का विचारत होती! सगळ्या गल्लीने ऐकलं. बाबांनी स्टिअरिंगवरचा हात काढला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, मग आली का नाही ती?"

तुझीच आणि आता त्याचीही,
आई