मुलीच्या विषयात जाऊ नये असे मृत्युपत्र

मी, गल्लीत घोरकाका म्हणून ओळखला जाणारा, शिलाई मशीन दुरुस्त करणारा, शिक्षण सातवी नापास, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसे डॉक्टरांनी आज सकाळी लिहून दिले आहे. कोणी धमकावलेले नाही. झोप लागत नाही, पण तो वेडेपणा नव्हे, हेही त्यांना विचारून घेतले.

याआधीचे सगळे मसुदे रद्द समजावेत. ते मीच फाडले.

माझी मुलगी विद्यापीठात कायदा शिकवते. तिचा संशोधनाचा विषय रद्द झालेली मृत्युपत्रे हा आहे. कोर्टाने कुठले मृत्युपत्र का मोडीत काढले आणि मग भावंडे कशी बोलेनाशी झाली, हे ती जेवताना सांगते. एकाने कारणे लिहिली नाहीत, म्हणून संशय आला. दुसऱ्याने भरपूर लिहिली, तर त्यातले एक खोटे निघाले. माझा घास तोंडातच फिरतो.

१. राहते घर मी मुलीला देतो. कारण एकच लिहितो: माझ्या आजारपणात ती इथे राहिली, आणि तिला दुसरे घर नाही.

आता घोर असा. बाप आजारी, अर्धवट शिकलेला. सोबत कायद्याची प्राध्यापक मुलगी. आणि घर तिलाच. हे ऐकून तिच्याच वर्गातली पोरे म्हणतील, बाईंनी लिहून घेतले. तिच्या नावाला बट्टा लागेल. म्हणून यातले एक अक्षरही मी तिला विचारून लिहिलेले नाही. विषय काढला तरी उठून जाते. "बाबा, ज्याला मिळणार त्याने मसुद्याच्या आसपासही फिरकू नये. आणि मला घर नकोच. मला माझा भाऊ हवाय."

२. दुकान व हत्यारे मी मुलाला गेल्या वर्षीच रीतसर बक्षीसपत्राने दिली. त्यामुळे या कागदातून त्याला काही मिळत नाही. तो चिडला. "तुमची गंजकी मशिनं माझी, आणि घर ताईचं? घरात वकीलबाई असली की असंच होतं."

मी म्हणालो, "अरे, ती वकिली करत नाही, शिकवते."

"मग तर विचारूच नका, बाबा!"

बँकेत सांगण्यासारखे काही नाही.

३. मुलीच्या विभागातले उंच मास्तर प्राण्यांच्या हक्कांवर लेख लिहितात. आमची मांजर त्यांना द्यावी. लिहून झाले, आता सांभाळावी. तिला बंद दार चालत नाही.

४. अपघाताची नुकसानभरपाई शिकवणाऱ्या बाईंचे बोलणे ऐकूनच मी जिन्याला कठडा बसवला. तो अजून हलतो का, हे रोज बघतो. त्यांना फक्त आभार देतो.

५. विभागप्रमुखांनी माझाच चहा पिता पिता मुलीला सुनावले, "मृत्युपत्रं हा काय संशोधनाचा विषय आहे? कंपनी कायदा घ्या, परदेशी जाल." वर आमच्या वेताच्या खुर्चीचे आसनही फाडले. त्यांना मी काहीही देत नाही. चुकून राहिले असे म्हणू नये. मुद्दाम वगळले आहे.

६. मुलीने एकदा सांगितलेले मी धरून ठेवले आहे: ज्याला कागदातून काही मिळत नाही, त्याची साक्ष चांगली. पुढे जो भांडेल, त्यानेच आज समोर बसून सही केली, तर भांडायला उरते कोण? म्हणून साक्षीदारांत डॉक्टरांच्या खालची जागा मुलासाठी ठेवली आहे. डॉक्टर म्हणाले, "काका, तो फाडून टाकेल." फाडू दे, मी परत लिहीन. पण त्याच्या पाठीमागे दुसऱ्या कोणाची सही घेणार नाही. मुलगी तास घ्यायला गेली आहे. मुलाला बोलावले आहे. गाडीचा आवाज आला. नाही, शेजारच्यांची. पेन उमटते का, पुन्हा पाहतो.

आता आला. त्याच्यासमोरच सही करतो.

स्थळ: राहते घर, खिडकीजवळचे टेबल
तारीख: १२ मार्च
(सही) घोरकाका

साक्षीदार:

१. डॉक्टर. काकांनी आम्हा दोघांसमोर सही केली. प्रकृती बरी, नाडी जलद. (सही)

२. मुलगा. सगळं वाचलं. पहिलं कलम दोनदा वाचलं. बाबांचं डोकं शाबूत आहे, माझं फिरलंय. घर ताईचं, कबूल. तिने हा कागद वर्गात शिकवू नये. शिकवलाच, तर भाऊ दिसायला बरा होता, एवढं सांगावं. (सही)