शेवंतीला ठेवायचं कुठे

घाटकोपर, फेब्रुवारी १९८६

प्रिय रत्ना,

जयू गेला तेव्हा मी तुझ्याकडे येऊन गेले, त्यानंतर आज लिहिते आहे. वर्ष उलटून गेलं. कमल विसरली, असं तुला वाटलं असेल. विसरले नाही गं. तुझ्याकडे यायचं म्हणजे शेवंतीला कडेवर घेऊनच यायचं, आणि तिला घेऊन तुझ्यासमोर उभं राहायला मला जमेना. त्या दिवशीसुद्धा माझ्याशी बोलताना तू तिच्याकडे बघत नव्हतीस. मला राग आला नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही बघितलं नसतं.

शेवंती आता दहाची झाली. अंगाने भरली आहे, पाय मात्र तसेच ताठ, मान तशीच एका बाजूला. थंडीत फिट जरा कमी आल्या. एक नवीनच सुरू झालंय, रेडिओवर बातम्या लागल्या की हसते. गाण्यांना नाही, बातम्यांनाच. तिचे पप्पा म्हणतात, या घरात बातम्यांना हसणारी ही एकटीच. आम्ही अजून भटवाडीतल्या त्याच चाळीत, पहिल्या मजल्यावर. पूर्वी मी तिला एका हाताने कमरेवर घेऊन दुसऱ्या हाताने कुलूप लावायचे, आठवतं? आता जिना उतरताना दोनदा टेकायला लागतं.

हॉस्पिटलात मंगळवारी शेवंतीला व्यायामाला नेते तेव्हा आपला तो बाक येतो समोर. तिथेच तू मला भरवायला शिकवलंस. मान किंचित पुढे, हनुवटीखाली बोटं, आणि चमचा जिभेवर दाबून क्षणभर थांबायचं. तोवर मी तिला आडवी धरून पेज ओतत होते आणि ती ठसकली की रडत होते. तू हसलीस आणि म्हणालीस, अगं बाई, तिला गिळायला वेळ तर दे. जयूला मांडीवर घेऊन तू हे सगळं इतकं सहज करायचीस की मला वाटायचं, हिला काही जड जात नसेल. आता कळतं, तुलाही जातच असणार.

तिथल्या जुन्या बाई लग्न होऊन नाशिकला गेल्या. त्यांच्या जागी क्षमा म्हणून नवीन सोशल वर्कर आली आहे. लहान आहे, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली. तिने एका मंगळवारी मला भिंत धरून चालताना पाहिलं आणि बाजूला घेऊन विचारलं. मी आधी पाठीचं दुखणं म्हणून सांगितलं. मग खरं सांगितलं. पाळी थांबतच नव्हती, दिवाळीच्याही आधीपासून. तिने स्वतः माझ्याबरोबर येऊन बायकांच्या विभागात दाखवलं. पिशवीत गाठ आहे. ऑपरेशन करून पिशवी काढायची म्हणतात. त्यानंतर दीड महिना वजन उचलायचं नाही, पाण्याची कळशीसुद्धा नाही. डॉक्टर हे सांगत होते तेव्हा शेवंती माझ्या मांडीवर होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुढचं बोलायचे थांबले.

क्षमाने फार धावपळ केली, तिला मी दोष देणार नाही. दीड महिना मुलीला सांभाळेल अशी एखादी जागा तिला हवी होती. एका ठिकाणी चालणारीच मुलं घेतात. दुसऱ्या ठिकाणी फक्त अनाथ. तिथल्या साहेबांनी सुचवलं की आईबाप नाहीत असं लिहून द्या, मग बघू. क्षमा तिथून उठून आली. शेवटी चेंबूरच्या पुढे एक आश्रम मिळाला, आम्ही दोघी शेवंतीला घेऊन बघायला गेलो. लादी स्वच्छ होती, फिनेलचा वास येत होता. मुलं खाटांना कापडाच्या पट्ट्यांनी बांधलेली होती. बांधलेली म्हणजे दुष्टपणाने नाही, पडू नयेत म्हणून. मी तिथल्या आयाला विचारलं, हिला भरवायला खूप वेळ लागतो, चालेल का? ती बिचारी म्हणाली, "बाई, एवढ्या पोरांना आम्ही दोघीच. ज्याला गिळता येतं तो जेवतो." खोटं बोलली असती तर मी कदाचित ठेवून आले असते.

बाहेर आल्यावर क्षमा रस्त्याच्या कडेला उभी राहून रडायला लागली. मीच तिला उसाचा रस पाजला. म्हणाली, "ताई, माझ्याकडे तुम्हाला द्यायला काहीच नाही." मला तिचीच कीव आली. रोज कितीजणींना हेच सांगायला लागत असेल तिला.

मालन, माझी नणंद, दिंडोशीला असते. ती म्हणाली, मी ठेवीन, त्यात काय. आधी सवय व्हावी म्हणून एक दिवस नेऊन सोडली. संध्याकाळी टॅक्सी करून परत घेऊन आली. दुपारी भात भरवताना शेवंतीला ठसका लागला आणि ती निळी पडली होती. शेजारच्याने पाठ थोपटली म्हणून वाचली. मालनचा चेहरा असा झाला होता की मी तिलाच आधी पाणी दिलं. वहिनी, परत नको, एवढंच म्हणाली. सासूबाईंनी कणकवलीहून कळवलं की इथे पाठवा, पण त्यांना स्वतःलाच धरून उठवावं लागतं.

तिच्या पप्पांचं म्हणशील तर ते करतात, जेवढं जमतं तेवढं. पण त्यांची शिफ्ट असते, रजा माझ्या तपासण्यांत संपली. आणि शेवंती आता लहान नाही. मागच्या आठवड्यात मला उठवेना म्हणून त्यांनी तिला आंघोळ घातली, तर भिंतीकडे तोंड करून पाणी ओतत होते. मोरीच्या बाहेर आले आणि तसेच ओल्या कपड्यांनी बसून राहिले.

ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे ढकलली. दुसऱ्यांदा क्षमाने विचारलं, शेवंतीला भरवता येईल असं तुमच्या ओळखीत कोणीच नाही का? मी नाही म्हटलं. तुझं नाव तोंडात आलं होतं, ते गिळलं.

त्याच्या आदल्या आठवड्यात मी मुलुंडला आले होते, रत्ना. शेजारच्या सोनूबाईंना थोडा वेळ बसवून एकटीच आले. तुझ्या इमारतीसमोर उभी होते तेवढ्यात तू खाली उतरलीस. शिवणाच्या क्लासला निघाली असशील, हातात कापडाची पिशवी होती. केस नीट बांधलेले, इस्त्रीची साडी. तू ताठ चालत होतीस. इतक्या वर्षांत मी तुला कधी ताठ चालताना पाहिलं नव्हतं. एका खांद्यावर सतत जयू असायचा ना. मला हाक मारवली नाही. तू वळून दिसेनाशी झालीस आणि मी परत आले.

आता तिसरी तारीख मिळाली आहे, होळीनंतरची. ही पुढे ढकलू नका, असं डॉक्टरांनी तिच्या पप्पांना बोलावून सांगितलं. म्हणून हे पत्र. शेवंतीला तू ठेवून घेशील का? तिला भरवता येईल असं माझ्यानंतर तूच एक आहेस. काय मागते आहे ते मला कळतं. ज्या घरातून तुझा जयू गेला त्याच घरात त्याच्यासारखीच मुलगी आणून निजवायची, तिची लाळ पुसायची, रात्री तिचा श्वास ऐकत पडायचं. तुला जमणार नसेल तर उत्तर पाठवू नकोस, मी समजेन, आणि आपल्यात काही बदलणार नाही. मी दीड महिन्याचं म्हणते आहे. गाठ काढल्यावर तपासायला पाठवणार आहेत. त्याच्या पुढचं मी डॉक्टरांना विचारलेलं नाही, आणि तुलाही विचारत नाही.

तुझीच,
कमल